नऊवर अडलेला काटा

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला की सेकंद काटा कुठं थांबतो? कुठंही थांबत असेल, असं आपल्याला वाटतं. पुढच्या वेळी घड्याळ बंद पडलं की मात्र लगेच स्टुलावर चढून ते उतरवू नका, आधी त्याच्याकडं नीट बघा. पुष्कळदा सेकंद काटा आठ आणि दहाच्या मधे, नऊच्या आसपास सापडेल. आणि तो स्तब्ध नसेल, जागच्या जागी थरथरत असेल. पुढं सरकायला जातो, जमत नाही, परत मागं येतो, पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच.

कारण साधं आहे आणि म्हणूनच मला ते फार आवडतं. बारापासून सहापर्यंत काटा खाली उतरतो, तेव्हा त्याचं स्वतःचं वजन त्याला मदत करतं. सहानंतर चढण लागते. नऊवर तो अगदी आडवा असतो, आणि आडवा काटा वर उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. म्हाताऱ्या सेलमध्ये बाकीचा फेरा पूर्ण करण्याइतका जीव उरलेला असतो, फक्त ही एक चढण त्याला झेपत नाही. काट्याला मागच्या बाजूनं वजनाची शेपटी असेल तर तोल सांभाळला जातो आणि हा प्रकार कमी दिसतो. म्हणजे नऊवर थरथरणारं घड्याळ बिघडलेलं नसतं. ते फक्त नवा सेल मागत असतं. नव्या सेलनंतरही काटा अडला, आणि दर वेळी मिनिटकाट्यापाशीच अडला, तर दोन काटे एकमेकांना घासताहेत असं समजावं. काच काढून वरचा काटा चिमटीत धरून केसभर वर वाकवला की काम होतं.

आता घड्याळ उतरवलंच आहे, तर मागच्या काळ्या डबीत काय आहे तेही पाहू. त्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकचकीत नळी असते. नळीत दोन टोकांच्या चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, बारीक तुकडा असतो. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून त्यातला फिकट उजेड ज्यांनी पाहिलाय, त्यांना या दगडात काहीतरी वेगळं आहे हे पुस्तकाआधीच कळलेलं असतं. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की गारगोटीसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज उमटते. उलटंही खरं आहे. गारगोटीला वीज दिली की ती किंचित वाकते. घड्याळातला तुकडा अशा मापानं कापलेला असतो, की वीज मिळताच तो सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो.

हाच आकडा का? तो निम्मा करत जा. १६,३८४. मग ८,१९२. मग ४,०९६. असं पंधरा वेळा केलं की उरतो एक. घड्याळातली चिप हेच करते, न थकता निम्मं करत जाते आणि सेकंदाला एक ठोका बाहेर सोडते. हा ठोका केसाहून बारीक तारेच्या गुंडाळीत जातो, गुंडाळीचं क्षणभर चुंबक होतं, आणि तिच्या शेजारचं इवलंसं गोल चुंबक अर्धा फेरा फिरतं. पुढच्या सेकंदाला वीज उलट दिशेनं येते आणि उरलेला अर्धा फेरा पुरा होतो. मिनिटाला तीस फेरे, आणि दातेरी चाकांमधून त्याचा काट्याला मिळतो एक फेरा. आपण ऐकतो ती टिकटिक या अर्ध्या फेऱ्यांची असते. घड्याळाला कान लावून ऐका. टिकटिक येतेय पण काटा हलत नाही, तर अडचण काट्यांत किंवा चाकांत आहे. आवाजच नाही, तर आधी सेल आणि त्याची टोकं.

नाशिककरांना गारगोटी बघायला लांब जावं लागत नाही. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचंच खनिज संग्रहालय आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये नाशिक परिसरातल्या काळ्या पाषाणानं जे स्फटिक वाढवले, त्यांचे नमुने तिथं काचेआड मांडले आहेत. जगभरचे संग्राहक नाशिकच्या खाणींतल्या झिओलाइट नावाच्या स्फटिकांसाठी जीव टाकतात. घड्याळातली गारगोटी मात्र खाणीतली नसते. दोष नसलेला स्फटिक हवा म्हणून ती कारखान्यात, प्रचंड दाबाखाली, गरम पाण्यातून हळूहळू वाढवतात. निसर्गाची पद्धत तीच, फक्त घाई केलेली.

गारगोटीच्या थरथरीला हवामान मात्र कळतं. साधारण २५ अंशांवर ती सगळ्यात नेमकी असते. थंडी वाढली तरी घड्याळ मागं पडतं आणि ऊन वाढलं तरी मागंच पडतं. जानेवारीत निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. तशा थंडीत दिवसभर राहिलेलं घड्याळ जेमतेम एका सेकंदानं मागं पडेल. तेव्हा हिवाळ्यात घड्याळ अर्धा-पाऊण तास मागं पडत असेल, तर त्याचा दोष गारगोटीकडं जात नाही. जुना सेल पहाटेच्या गारठ्यात दमतो, काटा थांबतो, ऊन वर आल्यावर सेल पुन्हा सावरतो आणि काटा काहीच घडलं नसल्यासारखा चालू लागतो. आपण दुपारी बघतो तेव्हा घड्याळ चालूच असतं, वेळ तेवढी चुकलेली असते.

तर सगळी वाट सेलपाशी येते. साधा पेन्सिल सेल आतून काय आहे? बाहेरचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण सोडलं, तर आत जस्ताची नळकांडी असते, मधोमध कार्बनची कांडी, आणि दोन्हींच्या मधे काळी, ओलसर भुकटी ठासलेली. ही काळी भुकटी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची. ती कुठून येते हे कळलं तेव्हा मला सेल हातात धरून बसावंसं वाटलं. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग नावाची मॉइल कंपनीची उघडी खाण आहे. कोरड्या सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज तिथं निघतं. टीव्हीचा रिमोट नाशिकचा, सेलमधली काळी माती भंडाऱ्याची असू शकते.

भुकटी ओली असते ती जस्ताच्या क्षारानं आणि पूर्वीपासूनच्या पद्धतीत नवसागरानं. हाच तो नवसागर, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि त्यामागून कथील झर्रकन पसरतं. तिथं नवसागर तांब्यावरचा गंज खातो, म्हणजे कथलाला उघडा धातू मिळतो. सेलमध्ये तो पाण्यात विरघळून विजेच्या कणांना जस्ताकडून मँगनीजकडं जायला वाट देतो. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये हीच तीन द्रव्यं एकत्र आणली होती, काचेच्या बरणीत, पातळ नवसागरात. जर्मनीच्या कार्ल गास्नर यांनी १८८० च्या दशकात तो पातळपणा घट्ट केला, आणि सेल आडवा-तिडवा कसाही ठेवता येऊ लागला. त्याचाच नातू आजही नाशिकच्या कुठल्याही किराणा दुकानात टांगलेल्या पाकिटात मिळतो.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच तिच्यावर उभं आहे. साध्या सेलमध्ये जस्ताची नळकांडी हे भांडंही आहे आणि तीच सेलचं इंधनही आहे. सेल चालतो म्हणजे भांडं आतून खाल्लं जातं. संपलेला सेल उपकरणात विसरून राहिला की एक दिवस भांड्याला भोक पडतं आणि आतला ओलावा बाहेर येतो. सेल फुटतात ते निकृष्ट असतात म्हणून, असा समज आहे. चांगल्यातला चांगला साधा सेलही विसरला गेला की फुटणारच.

आता त्या प्रश्नाकडं येऊ जो घरोघरी पडतो. मुलाच्या गाडीतून काढलेला ‘संपलेला’ सेल घड्याळात घातला की महिनोन्‌महिने चालतो, हे कसं? गाडीच्या मोटरला अर्धा अँपिअर, कधी त्याहून जास्त प्रवाह लागतो. घड्याळाला सरासरी लागतो एका मिलिअँपिअरचाही पाचवा-दहावा हिस्सा. द्राक्षबागेत ठिबक वापरणाऱ्याला हे लगेच कळेल. टाकी भरलेली असते, पण ड्रिपरमध्ये क्षार साचलेले असतात. थेंब-थेंब पाणी पडत राहतं, त्याच ड्रिपरखाली बादली भरायची म्हटलं तर मात्र भरत नाही. म्हातारा सेल असा असतो. त्याच्यातली वीज संपलेली नसते, ती बाहेर येण्याची वाट आकसलेली असते. म्हणून मीटर लावून नुसता मोजलेला सेल १.४ व्होल्ट दाखवतो, आपण खूष होतो, आणि टॉर्चमध्ये घातला की तांबूस उजेड पडून विझतो. सेल खरा मोजायचा तर काम करत असताना मोजावा, बल्ब जोडलेला असताना किंवा खेळणं चालू ठेवून.

यातून घराचा एक शहाणा नियम निघतो. नवे सेल रक्तदाबाच्या यंत्रात आणि खेळण्यात, तिथून निघालेले रिमोटमध्ये, आणि रिमोटनं नाकारलेले घड्याळात. रक्तदाबाच्या यंत्रातला हवा भरणारा पंप भरपूर प्रवाह खेचतो, म्हणून पट्टा फुगता-फुगता पडदा विझला तर यंत्र बिघडलं असं समजून घाबरू नका. पण या फेऱ्यात एक पथ्य पाळायचं. दोन किंवा चार सेल एकत्र लागतात तिथं सगळे एकाच वयाचे हवेत. ओळीनं जोडलेल्या सेलमधून एकच प्रवाह जातो. एक म्हातारा त्यात आला की ताकदवान सेल त्याच्यातून जबरदस्तीनं वीज ढकलत राहतात, तो उलटा भरायला लागतो, आत वायू धरतो आणि फुटतो.

आपल्या गावाकडं सेल उन्हात ठेवायची रीत होती. निफाड-सिन्नर भागात रात्री वीज येते तेव्हाच पिकाला पाणी द्यायचं, आणि उसात बिबट्या. अशा रात्री हातातल्या बॅटरीचे सेल कसे जपले जात असतील, याचा विचार करा. ते उन्हात मांडणारे लोक चुकत नव्हते. उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया जलद होते, कण भराभर हलतात. शिवाय उन्हात पडलेल्या त्या तासांत सेलला विश्रांती मिळते. जोरात वापरताना जस्ताजवळ आणि मँगनीजजवळ क्रियेतून उरलेली द्रव्यं गर्दी करतात. विश्रांतीत ती पसरतात, वाट थोडी मोकळी होते. रात्री बंद पडलेला रिमोट सकाळी दोन-चार बटणं ऐकतो, तो याचमुळं. नवी वीज मात्र उन्हातून येत नाही, आतली उरलीसुरली बाहेर पडते. ही रीत फक्त साध्या सेलची. अल्कलाईन किंवा लिथियमचा सेल उन्हात ठेवू नका. आणि सेल दातांनी चावून जागा करायची सवय कुणाला अजून असेल तर ती आजच सोडावी. अल्कलाईन सेलमध्ये दाहक क्षार असतो, तो तोंड आणि डोळे जाळतो.

अल्कलाईन सेल ओळखायचा एक गमतीदार प्रयोग आहे. सपाट बाजू खाली धरून टणक फरशीवर दोन-तीन बोटं उंचीवरून सोडा. नवा सेल धप्पकन बसतो, वापरलेला टुणकन उडतो. आतलं जस्त सुरुवातीला मऊ लगद्यासारखं असतं, ते धक्का गिळून टाकतं. वापरता वापरता त्याचं कडक झिंक ऑक्साइड होतं. पण उडाला म्हणजे संपला, असं नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे मोजून पाहिलं. सेल निम्मा वापरला जाईपर्यंतच त्याची उडी पूर्ण वाढलेली असते. म्हणजे उडणारा सेल कोरा नाही एवढंच कळतं.

घरच्या दुरुस्तीतला सर्वात मोठा भाग मात्र सेलचा नाही, टोकांचा आहे. रिमोट बंद पडला की आपण झाकण उघडून सेल अंगठ्यानं जागीच फिरवतो आणि तो चालू होतो. लोक याला सवय म्हणतात, मी याला उत्तम दुरुस्ती म्हणतो. हवेतल्या प्राणवायूनं धातूच्या टोकावर अतिशय पातळ थर धरलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा. दीड व्होल्टला तेवढाही थर ओलांडणं जड जातं. फिरवल्यानं तो खरवडला जातो. कायमचं काम हवं असेल तर सेल काढून सेलची आणि स्प्रिंगची टोकं शाळेच्या खोडरबरानं घासावीत, स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसावीत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, जिथं पावसाळ्यात भिंतीही ओल धरतात, तिथं ही घासपूस वर्षातून एकदा तरी करावी. दबलेली स्प्रिंग जराशी ओढून लांब केली की अर्धे ‘मेलेले’ टॉर्च उठतात.

सेल फुटून साचलेली पांढरी बुरशीसारखी कड दिसली तर आधी हातमोजे घाला किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. सेलवर अल्कलाईन लिहिलेलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या आणि पुसा. साधा सेल असेल तर गळती किंचित आम्लधर्मी असते, तिथं खायच्या सोड्याचं पाणी चालतं. व्हिनेगर लागताच बुडबुडे येतील. ते बुडबुडे एकदा थांबून बघण्यासारखे आहेत. सेलमधून निघालेल्या क्षारानं खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला, त्याची पांढरी कड झाली. आता आम्ल लागल्यावर तोच वायू सुटतोय. त्या बुडबुड्यांत तुमच्याच घरातली, काही महिन्यांपूर्वीची हवा आहे. फेस थांबला की जेमतेम ओल्या बोळ्यानं पुसा, मग स्पिरिटनं, आणि पूर्ण वाळू द्या. टोकावर हिरवट-निळं दिसलं तर खालचं तांबं खाल्लं गेलंय. तेही बारीक पॉलिश पेपरनं निघतं, आणि तार तुटली नसेल तर वस्तू चालते.

रिमोटची तपासणी मोबाईलनं होते. रिमोटच्या पुढच्या टोकातून निघणारा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांच्या पलीकडचा. फोनच्या समोरच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, टीव्हीकडं बघा. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश बहुधा गाळलेला असतो, म्हणून समोरचा. सगळी बटणं मुकी असतील तर सेल आणि टोकं. एखाद-दुसरंच मुकं असेल, आणि ते नेहमी सर्वात जास्त दाबलं जाणारं असतं, तर आतलं रबर. त्या रबराच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते, ती खालच्या पट्टीवरच्या दोन वाटा जोडते. हाताचा घाम आणि स्वयंपाकघरातलं तेल तिथपर्यंत पोचतं. जुन्या प्लॅस्टिक कार्डानं रिमोटची कड उकला, पट्टी स्पिरिटनं पुसा, रबर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. ठिपका कुणी न दाबताही पेटलेला दिसला, तर एखादं बटण आत अडकलंय, आणि महिन्यात सेल संपण्याचं कारण सापडलं.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्यायचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात आणि गाडीच्या किल्लीत असतो तो सीआर२०३२ हा चपटा, चकचकीत बटण सेल लहान मुलानं गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून प्रवाह वाहतो, सेलच्या एका बाजूला दाहक क्षार तयार होतो, आणि दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठायचं. काढलेले बटण सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा. दुसरी गोष्ट फोनमधली फुगलेली लिथियम बॅटरी. तिला टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. तिच्यावर घरगुती इलाज नाही. घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यातही ती टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती वापरून घ्या.

राहिलं आजी-आजोबांचं श्रवणयंत्र. ‘नवा सेल घातला तरी ऐकू येत नाही’ ही तक्रार घरोघर होते, आणि तिचं कारण फार सुंदर आहे. या सेलमध्ये जस्ताची जोडी मँगनीजशी नसते. जस्ताला लागणारा दुसरा भिडू तो खोलीतल्या हवेतून घेतो. पाठीवरच्या रंगीत चिकटपट्टीखाली बारीक भोकं असतात. पट्टी काढली की हवा आत शिरते आणि सेल तेव्हा कुठं जागा होतो. पट्टी काढल्याबरोबर सेल बसवून यंत्राचं दार लावून टाकलं तर त्याला पुरेसा श्वास मिळालेला नसतो. पट्टी सोलल्यावर सेल एखादं मिनिट तळहातावर उघडा ठेवा, मगच बसवा. एकदा जागा झालेला सेल वापरला नाही तरी संपत जातो, पट्टी परत चिकटवून फारसं वाचत नाही. आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याच्या आतला ओलावा उडून तो लवकर सुकतो. त्या दिवसांत पाकिटातली पट्टी आधीपासून काढून ठेवू नका, आणि आजीसाठी एक जादा सेल घरात असू द्या.